इतवारीच्या डोक्यातला समुद्रघोडा

मी हिप्पोकॅम्पस बोलतोय. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, ते मी ठेवलेलं नाही. कुणा परदेशी विद्वानाला मेंदू चिरताना माझा आकार समुद्रघोड्यासारखा दिसला, आणि त्यानं तेच नाव मला चिकटवलं. मी राहतो सिंदेवाहीकडच्या एका जंगलगावात, इतवारीच्या डोक्यात, कानाच्या आतल्या बाजूला. समुद्र तिनं पाहिलेला नाही, मीही नाही.

ती पाळण्यात होती तेव्हा मी कच्चा होतो, म्हणून तिला पाळणा आठवत नाही. पुढे मात्र आठवणींचा सगळा भार माझ्यावर आला. कोणतं माणूस आपलं, कोणत्या वाटेवर भ्यायचं, कुणाला पाहून हसायचं, हे मी जुळवून देतो. माझ्या शेजारी बदामाएवढा एकजण राहतो. त्याला नुसतं भिता आणि भडकता येतं. कुठे आणि कुणावर, ते त्याला माझ्याकडून कळतं. तरी लोकांत बोलबाला त्याचाच.

आता माणसांची अक्कल ऐका. मोहफुलं वेचायला बाया जोडीनं जातात. खाली वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, म्हणून वेचता वेचता एकीनं हाक द्यायची आणि दुसरीनं लगेच ओ द्यायची, अशी इथली रीत. इतवारीची जोडी रंजीताशी, लग्न होऊन आल्यापासूनची. त्या सकाळी रंजीताच्या शेळीनं इतवारीचा वाळत घातलेला मोह खाल्ला होता. बाईसाहेब रुसल्या. रंजीता हाका मारत राहिली, हिनं ओ दिली नाही. ही नाल्याकडच्या बायांत गेली असेल असं समजून रंजीता तिकडे शोधायला गेली, आणि इकडे वाघ आला.

इतवारीच्या खांद्यावर पंजा बसला. तिची किंकाळी ऐकून रंजीता टोपली आपटत, आरडत परत धावली, आणि वाघ झुडपात शिरला. हे सगळं मी जसंच्या तसं टिपून घेतलं होतं.

मग घरी बघ्यांची रीघ लागली. इतवारीचा नवरा लालसू प्रत्येकाला चहा देई आणि हकिगत सांगे. हा माणूस तेव्हा घरी झोपलेला होता. आधी तो म्हणे, रंजीता तिथं नव्हती. मग म्हणू लागला, ती निघून गेली होती. पाहुणे मान डोलावतात असं दिसल्यावर थेट सांगू लागला, रंजीता पळाली. इतवारी बाजेवर पडून ऐकायची. आपण ओ दिली नाही, हे सांगण्यापेक्षा ऐकणं सोपं होतं. आठवण बाहेर काढली की ती ओली मातीच असते, ज्याचा हात लागेल त्याचा ठसा उमटतो. तुम्ही ती वीसदा हाताळता, मळकी करून परत माझ्याकडे टाकता, आणि वर म्हणता, मले पक्कं आठवते.

उन्हाळ्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं तोडायचा हंगाम, सुरू झाला. रंजीताबरोबर रानात जायला एकही बाई तयार होईना. एकटीनं जाणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि न जाणं म्हणजे हंगाम बुडाला. शेवटी वयानं मोठ्या सुगंधाबाईनं सगळ्यांना आंब्याखाली बसवलं आणि त्या सकाळी काय झालं ते इतवारीला विचारलं.

रंजीता तिच्याकडे बघून हळूच म्हणाली, "मी तुले हाका देल्ल्या होत्या ना, इतवारी?"

इतवारीनं मला चाचपलं. वरच्या थरात लालसूची चहाबरोबरची गोष्ट होती, तीच हाताला लागली. रंजीताचा चेहरा दिसताच बदामानं भीतीनं थयथयाट केला. इतवारीनं छातीवर हात ठेवला.

"काळजावर हात ठेवून सांगून राह्यली, बाई. ते पळाली."

काळीज! रक्त ढकलणारा तो पंप, त्याला काय ठाऊक? साक्षीला मला सोडून त्याला बोलावता, आणि बायाही लगेच पटल्यासारख्या उठतात. वाईट याचं की इतवारी खोटं बोलत नव्हती. तिला आता तसंच आठवतं.

दुसऱ्या दिवसापासून रंजीता रानात एकटी जाते.

खालच्या थरात ती सकाळ अजून थोडी शिल्लक आहे. मला त्या मोहाखाली न्या. तो वास, ती सावली मिळू द्या, मी रंजीताच्या हाका एकेक करून बाहेर काढीन. पण त्या झाडाकडे जायचं म्हटलं की इतवारी उंबऱ्यातूनच मागे फिरते, सोबतीला माणूस लागतं. मी सगळी माणसं चाळून पाहिली. तिला हात धरून तिथवर नेईल अशी एकच बाई गावात आहे, आणि ती आता आमच्या अंगणात येत नाही.