निळा झगा आणि रिटर्न पंप

दुपारी दोनला लाइट जाणार होती. त्याआधी मामाला मासे वाचवायचे होते आणि खालच्या झेनाइदाला झगा. मासे चौथ्या मजल्यावर, झगा तिसऱ्या, मध्ये एक स्लॅब. तो स्लॅब मामानेच घातलेला. आमच्या आलामार वस्तीतल्या इमारती अशाच उभ्या राहिल्या; ज्यांना घर हवं होतं, त्यांनीच त्या बांधल्या. मामाची बांधकामाची टोळी दातांच्या दवाखान्यातली होती. त्यामुळे आमच्या जिन्याचं काम फार नाजूक आहे, आणि स्लॅब गळतो.

आदल्या दिवशी लाइट परत आली ती इतक्या जोरात, की माशांच्या टाकीचा जुना फिल्टर जळाला. सकाळपासून एंजल मासे पाण्यावर तोंडं काढून उघडझाप करत होते. अशा वेळी माणूस कुणाकडून तरी साधा फिल्टर मागून आणतो. मामाने सम्प बसवायला घेतला.

सम्प म्हणजे टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी कोपऱ्यातल्या पाइपाने खाली उतरतं, स्पंजातून गाळलं जातं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. आमची खालची टाकी म्हणजे मेलेल्या फ्रीजचं पोट. पंप जुन्या रशियन वॉशिंग मशीनमधला. कपड्यांचं मळकं पाणी लांब फेकायलाच जन्मलेला, त्यामुळे मवाळपणा त्याला ठाऊक नव्हता. सांधे मामाने कवळीच्या गुलाबी मसाल्याने भरले होते. पाइपाला हिरड्या फुटल्यासारखं दिसत होतं.

दार न वाजवता झेनाइदा आत आली. डोक्यात केस कुरळे करायच्या नळ्या.

"इदालबेर्तो, काय ठोकतोयस मघापासून?"

"काही नाही गं, मासे."

"मासे ठोकतोयस?"

मामाने हातोडी पाठीमागे लपवली.

"हे बघ, चारला फोटोवाला येतोय. माझ्या लिसांद्राचा पंधरावा वाढदिवस आहे. झगा तुझ्या या तळ्याच्या बरोबर खाली लटकतोय. झगा लोकांचा आहे, उद्या तो दुसरी पोरगी घालणार. त्याच्यावर एक थेंब पडला ना, तर टाकी बाल्कनीतून खाली. मासे आधी, तू नंतर."

"दुसरीकडे टांग ना मग," मी म्हणालो.

"तू शहाणपणा शिकवू नकोस. घरात तेवढा एकच हुक आहे त्याला पेलणारा."

मग तिने वर छताकडे बघितलं. "इदालबेर्तो, तुझ्या घरातलं पाणी तुझ्याच घरात गळतं का रे?"

"नाही. खालीच जातं."

"मग झगा इथे आणते."

हँगरवर तो झगा दारातून निघेना, म्हणून लिसांद्राला त्यात भरून वर आणलं. पुढून तिची आई, मागून मी, जिन्यातून सोफा चढवतात तसं तिरकं करत. झग्याच्या घेरात तारेच्या कड्या होत्या. आमच्या खोलीच्या मधोमध ती उभी राहिली आणि खोली संपली.

"मी बसू?" तिने विचारलं.

"आज नाही," झेनाइदा म्हणाली.

मामाने पंपाच्या उघड्या तारा भिंतीतल्या प्लगच्या भोकांत घालून आगपेटीच्या काड्यांनी पक्क्या केल्या. पंप गुरगुरला. पाणी वर चढलं, खाली उतरलं, परत चढलं. थोड्या वेळाने मासे पाण्यावरून खाली सरकले आणि मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच त्या दिवशी गाळून आलं असेल.

तेवढ्यात पंखा मंदावला. लाइट गेली. पंप थांबला आणि पाइपात गळा खाकरल्यासारखा आवाज झाला.

"आता गंमत बघा," मामा म्हणाला. "वरचं पाणी या पाइपातून उलटं खाली यायला लागलंय. पण पाण्याच्या जरा खाली मी भोक पाडलंय, दाताच्या ड्रिलने. पातळी भोकापर्यंत उतरली की हवा आत शिरणार आणि पाणी थांबणार."

आम्ही गंमत बघायला लागलो. फ्रीजचं पोट अर्धं होतं. मग अर्ध्याच्या वर.

"थांबेल," मामा म्हणाला.

"कधी?" झेनाइदाने विचारलं.

"आता."

"तुझं हे आता मघापासून चाललंय."

मी टाकीच्या मागे डोकं घातलं. "मामा, भोकावर गोगलगाय बसलीय."

"मग हाकल तिला!"

"गोगलगायीला हाकलतात कसं?"

"मम्मी, पाणी काठाला आलं," लिसांद्रा म्हणाली.

"तोंड हलवू नकोस, पावडर पडेल!"

पाणी काठाच्याही जरा वर फुगलं होतं. मामाने दोन्ही हात टाकीत घातले आणि वाकडा पाइप हिसका देऊन पाण्याबाहेर ओढला. एक हिरडी तडकली. पाइपाने मोठा ढेकर दिला आणि सगळं थांबलं. कुणी श्वास घेतला नाही. त्या फुगलेल्या पाण्याला तेवढाही धक्का सोसला नसता. मी चमच्याने, सूप वाढावं तसं, काठावरचं पाणी बादलीत काढलं. मग बशीने. मग पातेल्याने. झेनाइदाने छातीवर क्रूसाची खूण केली.

आता इथे आमच्या सगळ्यांच्या हातून एक चूक झाली. लाइट गेली म्हणून आमच्याकडे कुणी बटणं बंद करत नाही. पंखा, दिवा, रेडिओ, सगळं चालू ठेवूनच बसतो. नाहीतर लाइट आली हे कळणार कसं? तारांना तर बटणही नव्हतं. त्या भिंतीत, काड्यांसकट, वाट बघत होत्या.

मामा पाइप डोळ्यांसमोर धरून गोगलगायीला रागावत होता. "तुला सगळी टाकी मोकळी होती ना गं? सगळी टाकी!" पाइपाचं तोंड झग्याकडे.

बाहेरून अख्खी वस्ती ओरडली, "आली!"

ती आरोळी ऐकून मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलो.

झेनाइदा मात्र घाबरली नाही. हात पसरून ती झग्याच्या पुढे गेली आणि रशियन पंपाचं सगळं पाणी छातीवर घेतलं. मामा "माफ कर, माफ कर" म्हणत होता. आणि माफी समोरच्याकडे वळून मागायची त्याची पद्धत असल्यामुळे ती सरकेल तिकडे पाइपही वळत होता. मागे लिसांद्रा कड्या सावरत सोफ्यावर चढली. मी चप्पल काढून तारांवर हाणली. तिसऱ्या फटक्याला काड्या उडाल्या.

झेनाइदाच्या नळ्यांमधून पाणी ठिबकत होतं. तिने लांबूनच झगा तपासला: घेर, बाह्या, पाठीवरचा बो.

"कोरडा," ती म्हणाली.

जमिनीवरचं पाणी स्लॅबमध्ये मुरत होतं. मग खालून आवाज यायला लागला. टप. टप. मग नुसतंच टपटप.

"माझ्या खोलीत पाऊस पडतोय, इदालबेर्तो."

"हो. पण झगा इथे आहे," मामा म्हणाला. ते त्याने बोलायला नको होतं.

फोटोवाला एवेलिओ खाली जाऊन, भिजून, वर आला. खोली बघितली. "इथेच काढू. मागे मासे छान दिसतील. पण ते असे तोंडं वर करून का आहेत?"

मासे परत पाण्यावर आले होते. मामा नुसता त्यांच्याकडे बघत उभा होता, हातात तडकलेला पाइप. झेनाइदाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माशांकडे.

"मी झग्यावर थेंब पडला तर म्हणाले होते," ती म्हणाली. "पडला नाही. लाव तो पंप."

"सांधा सुटलाय."

"मग मी धरते."

बादलीतलं पाणी परत टाकीत गेलं. झेनाइदा टाकीच्या मागे वाकली आणि दोन्ही मुठींनी पाइप पाण्याखाली दाबून धरला. मी भिंतीशी, चप्पल उगारून. मामाने तारा लावल्या. पंप गुरगुरला, आणि हळूहळू एकेक मासा खाली सरकला.

"हस गं राणी, इकडे बघ," एवेलिओ म्हणत होता.

लिसांद्रा पाइपाकडे बघत होती. आम्ही सगळेच बघत होतो.