दम धर

दम्याच्या माणसाला स्वतःच्या छातीकडे कान देऊन बसायची सवयच लागते. धम्मशीलाला ती शाळेत असल्यापासून होती. झाडू हातात घ्यायच्या आधी तोंडाला पदर, मिरचीची फोडणी द्यायची तर मागचं दार उघडं, सकाळी तपकिरी पंप ओढून खळखळून चूळ, आणि अचानक धाप लागलीच तर म्हणून निळा पंप जाईल तिथे पर्समध्ये. हे सगळं तिने इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं की लग्न होऊन ती वडनेर भोलजीत आली, तरी कितीतरी दिवस शेजारणींना तिच्या दम्याचा पत्ताच नव्हता. दमा तिच्याबरोबर राहत होता, पण शहाण्या भाडेकरूसारखा, आपल्या खोलीत.

म्हणून त्या दुपारी बारीक शिटी ऐकू आली तेव्हा ती घाबरली नाही. जेवण आटोपून ती पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आडवी झाली होती. नवरा, प्रेमानंद, शाळेत शिकवायला गेलेला. लाईन गेली होती, त्यामुळे पंखाही बंद. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शिटी यायची, थांबायची, पुन्हा यायची. धम्मशीलाने आपली नेहमीची तपासणी केली, म्हणजे श्वास रोखून धरला. आपला श्वास थांबला की शिटीही थांबते, आणि पुन्हा सुरू झाली की तिचा जोर किती ते कळतं.

तिने श्वास रोखला. शिटी चालूच राहिली.

ती उठून बसली तर आवाज गेला. मांजर असेल, म्हणून दिवाणाखाली वाकून पाहिलं. तिथे जुन्या चपलांशिवाय काही नव्हतं. मग तिने हळूच गादीला कान लावला. आत, खोल, कापसाच्याही खाली कोणीतरी श्वास घेत होतं. लांबलचक ओढलेला, शेवटी जरासा अडखळणारा, मग सुटणारा. तो अडखळा धम्मशीलाच्या चांगला ओळखीचा होता. लग्न झाल्यापासून सासू जाईपर्यंत तिने तो रोज ऐकला होता.

सासू, जनकाबाई, मागच्या उन्हाळ्यात याच गादीवर गेली. तिलाही दमा होता, पण सुनेसारखा शिस्तीतला नव्हे. तिने आयुष्यभर पंपाला हात लावला नाही. "एकदा लागला का सुटत नाई बाप्पा तो," एवढंच तिचं म्हणणं. धम्मशीला समजावून समजावून थकली. म्हातारी हसायची, दोन्ही हात मांडीवर टेकायची आणि म्हणायची, "दम धर." हे तिचं पालुपदच होतं. दूध उतू चाललं, दम धर. एसटी चुकली, दम धर. पोरगा तावातावाने बोलू लागला, "प्रेम्या, दम धर!" शेवटच्या दिवशी मात्र तिलाच तो धरता आला नाही. नांदुऱ्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

माणूस गेलं की त्याचं अंथरूण घरातून काढतात. तसं भावकीने सुचवलंही. पण प्रेमानंद मास्तर म्हणजे कोण? गावात कुणाच्या अंगात आलं की हा तिथे हजर. लिंबातून रक्त काढून दाखवणार, नारळ काडी न लावता पेटवून दाखवणार, त्यामागची युक्ती सांगणार, आणि पोरांना टाळ्या वाजवायला लावणार. तो सगळ्यांदेखत गरजला, "मेलेल्या मानसाची गादी टाकाची काऊन? भूत हाय का तिच्यात? माह्या घरात हे थोतांड चालनार नाई. चांगला घरच्या शेतातला कापूस हाय, झोपा त्याच्यावर!" पुढे दिवाळी झाली, वेचलेला कापूस भाव येईस्तोवर आतल्या खोलीत ढीग लावून ठेवला गेला. त्याच्या उडणाऱ्या तुसाने बायकोला त्रास नको म्हणून त्यानेच तिचं झोपणं पुढच्या खोलीत हलवलं, आईच्या गादीवर. स्वतः तो त्या ढिगाच्या कडेला खुशाल झोपायचा. "मले काय होते?" म्हणायचा. प्रेम होतं हो त्यात, नाही कोण म्हणतं! पण अक्कल होती असं काही म्हणवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आवाज ऐकल्यावर धम्मशीलाने नवऱ्याला सांगायचं होतं. काय सांगणार? बुद्धविहारात येणाऱ्या बायकांना भूतखेत सगळं झूट असतं म्हणून तीही पोटतिडकीने सांगत आली होती. तिच्याच तोंडून हे निघालं असतं तर मास्तरांनी आधी हसून घेतलं असतं, मग व्याख्यान दिलं असतं, आणि वर तेच उदाहरण शाळेतही सांगितलं असतं.

पण त्या दिवसापासून तिचं गणित बिघडलं. तपकिरी पंप वेळेवर चालू होता, झाडताना पदर होता, तरी सकाळी उठली की छाती जड. पायऱ्या चढली की धाप. निळा पंप पूर्वी पर्समध्ये नुसता पडून असायचा, आता तो उशीखाली आला. आणि दुपारी घर शांत झालं की गादी श्वास घ्यायची. कधी धम्मशीलाच्या श्वासाच्या मागे मागे, कधी जरा पुढे. एकदा तर तिला वाटलं, आपण आत घेतोय ती हवा आधीच कोणीतरी वापरलेली आहे. तिने दिवाण सोडून खुर्चीत बसून पाहिलं. खुर्चीतूनही तिचे कान तिकडेच.

नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इतकी वर्षं ताब्यात होतं की तुमचं. घरात नवीन काही झालंय का? रंग, उदबत्ती, मांजर, जुनं अंथरूण?"

गादीचं नाव काढलं तर पुढचंही बोलावं लागेल, आणि डॉक्टर आपल्याला वेड्यात काढतील. "काही नाही," ती म्हणाली. लोक भुताला भितात. ही बाई, आपल्याला कुणी भुताला भिणारी म्हणेल, म्हणून भीत होती, आणि त्या भीतीपायी जी गोष्ट डॉक्टर विचारत होते तीच दडवून बसली.

डॉक्टरांनी तिला पंप ओढून दाखवायला लावला. "हे बघा, इथे चुकतंय. ओढला की लगेच सोडून देता. श्वास आत रोखून धरा, मग सोडा. नाहीतर औषध छातीत न जाता हवेत जातं." तिला लाजल्यासारखं झालं. हे काय तिला माहीत नव्हतं? पण घाबरलेल्या माणसाला धीर नसतो.

शेवटी तिनेच ठरवलं, गादी पिंजून घ्यायची. कापूस सुटा होईल, मोकळा होईल, त्यात जे काही अडकलंय तेही सुटेल. प्रेमानंद शाळेत गेल्यावर तिने ऑटो बोलावला, गादीची वळकटी मागे टाकली आणि हायवेच्या कडेला गुलाम रसूल चाचांच्या पत्र्याच्या शेडपाशी उतरली. चाचा म्हणजे गावाचे जुने पिंजारी. त्यांनी गादी ओळखली.

"जनकाबाईची! मीच तं भरली होती." त्यांनी गादीवर तळवा ठेवला आणि पटकन उचलला. "बेटा, कोन झोपते याच्यावर?"

"मी झोपतो चाचा. काऊन?"

"गरम हाय," चाचा म्हणाले. गादी ऑटोत सावलीतून आली होती.

त्यांची सून रुबिना हिने धम्मशीलाला हाताला धरून बाहेर कडुलिंबाखाली बसवलं. "भाभी, तुमी इथीच बसा. आत लय धूळ उडते." बरोबरच होतं. खरं तर तिने तिथे थांबायलाच नको होतं, गादी टाकून घरी जायला हवं होतं, आणि हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? पण आवाज जातो की नाही ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. चाचांनी खोळीची शिवण उसवली. आतून एक लांब उसासा बाहेर पडला. तो लिंबापर्यंत ऐकू आला.

"दबलेली हवा हाय, दुसरं काई नाई," चाचा मोठ्याने म्हणाले. पण म्हणता म्हणता ते एक पाऊल मागे सरले होते.

मशीन सुरू झाली. जुना कापूस दातांत सापडून फाटू लागला, शेडमध्ये पांढरं धुकं झालं. तेवढ्यात वारा फिरला. ते सगळं धुकं दारातून बाहेर आलं आणि लिंबाखाली धम्मशीलाच्या नाकातोंडात गेलं.

छाती जागच्या जागी आवळली. हवा आत जाईना, आत होती ती बाहेर येईना. तिने पर्समधून निळा पंप ओढून काढला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. औषध तोंडात येऊन तोंडातूनच परत जात होतं, पण थांबायला उसंत कुठे होती? डोळ्यांपुढे अंधारी आली. आपण आता मरणार, इथेच, सासूच्या कापसात, हे तिला लख्ख कळलं. शेडमधली मशीन घरघरत थांबली. लाईन गेली असावी. सगळीकडे एकदम सामसूम झाली.

आणि कानाशी कोणीतरी बोललं, "दम धर."

धमकी नव्हती ती, समजूतही नव्हती. दूध उतू जाताना यायचा तोच आवाज. धम्मशीलाने पंप दाबला, हळूहळू ओढला आणि धरला. छाती फुटेल असं वाटलं तरी धरला. मग सोडला. "दम धर." पुन्हा दाबला, ओढला, धरला. कुठेतरी खोल एक गाठ सैल झाली, मग दुसरी. लिंबाची पानं तिला पुन्हा वेगवेगळी दिसू लागली.

रुबिना तांब्या घेऊन धावत आली. धम्मशीलाने तिचा हात पकडला. "तू बोलली का आता?"

"मी कुठी बोलली भाभी? मी तं पानी आनाले गेलती!"

गुलाम रसूल चाचा दारात उभे होते. दाढीत कापूस, चेहरा उतरलेला. "बेटा, ह्या कापसाची धूळ झाली," ते म्हणाले. "हा परत भराचा नाई. मी गावाबाहेर नेऊन टाकतो. तू घरी जाय."

घरी येऊन ती खुर्चीत बसली आणि दिवाणाकडे पाहत तिने श्वास रोखून धरला. काही नाही. नुसत्या फळ्या. पुन्हा रोखला. काहीच नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी रडूही आलं. म्हातारी आता खरीच गेली होती.

शाळा सुटल्यावर प्रेमानंद घरी आला. दिवाण पाहिला आणि दारातच थबकला. "गादी कुठी हाय?"

"पिंजाले नेली होती. चाचा म्हनाले, कापूस खराब झाला. टाकून देतो म्हनाले."

"कोनाले विचारून?" तो ओरडला. "मायची गादी होती ते! कोनाले विचारून नेली तू?" लिंबातून रक्त काढणारा मास्तर थरथरत होता. धम्मशीलाने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. दप्तर खाली पडलं आणि तो उघड्या फळ्यांवर मटकन बसला.

तेव्हा शिटी वाजली.

धम्मशीलाने श्वास रोखला. शिटी चालूच. बारीक, लांब ओढलेली, शेवटी जराशी अडखळणारी. पण फळ्यांखाली आता कापूस नव्हता, काहीच नव्हतं. आवाज फळ्यांवर बसलेल्या माणसाच्या छातीतून येत होता.

"कवापासून हाय हे?" तिने विचारलं.

"काय?"

"छातीत. शिटी."

तो बोलला तेव्हा आवाज अगदी बारीक होता. "मले वाटे ते गादीतून येते. तू न्हानीत गेली का रोज सकाळी कान लावून बसतो मी. आयकू ये मले. माय श्वास घेऊन राह्यली असं वाटे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "कोनाले सांगू? मी कोनाले सांगू असं?"

आयकू यायचं! यालाही! दोघं एका घरात, एका गादीला आळीपाळीने कान लावून बसत होती आणि एकमेकांच्या लाजेने गप्प राहत होती. ती काही म्हणणार तोच तो खोकला. खोकला थांबेना. आतल्या खोलीतल्या कापसाचा, आईच्या रक्ताचा, की आणखी कशाचा, पण दमा त्याच्याही छातीत येऊन बसला होता. ओठ पांढरे पडले. हवा ओढायला तो दोन्ही हात मांडीवर टेकून पुढे वाकला. अगदी जनकाबाई वाकायची तसा.

धम्मशीलाने निळा पंप हलवून त्याच्या तोंडाला लावला. उद्या नांदुऱ्याला न्यायचं, आज आधी हे. "ओढा," ती म्हणाली आणि दाबला. त्याने ओढला आणि घाबरून लगेच सोडून दिला. औषधाचा पांढरा वाफारा तोंडातून बाहेर आला. तिने पुन्हा दाबला. पुन्हा तेच. त्याचे डोळे मोठे झाले, हात तिचं मनगट धरून ओढू लागला.

"दम धर, प्रेम्या."

धम्मशीलाने स्वतःच्या तोंडून निघालेले शब्द ऐकले. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं, आणि प्रेम्या तर त्याला या जगात एकच माणूस म्हणत असे.

प्रेमानंदने चमकून वर पाहिलं. तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, मग त्याने डोळे मिटले, पंप ओढला आणि दम धरला.