पालनीतली गोळी

आमशाने गोळ्यांची भरलेली बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "होळी झाली की नेतो."

हेमकांतच्या हातातला चहा हातातच राहिला. तळोद्यातली ती एवढीशी खोली म्हणजे एचआयव्ही झालेल्या लोकांनी स्वतःच उभ्या केलेल्या मंडळाची. पूर्वी गोळ्यांसाठी डोंगर उतरून थेट नंदुरबार गाठावं लागायचं, मजुरी बुडायची, मग माणसं येणंच सोडायची. आता मंडळाची माणसं शिकून तयार झाली होती आणि गोळ्या तळोद्यातच मिळत होत्या. कारभार हेमकांतकडे. शहाद्याकडचा गडी, तोंडाने तिखट, मनाने लोणी.

"होळी झाली की? अरे भो, रोजनी गोळी शे ती, सणनी पुरणपोळी नही!"

"पालनी घेतलीय," आमशा खाली बघत म्हणाला.

शेजारी बसलेल्या रमिलाबाईला त्या एका शब्दात सगळं कळलं. ती आमशाच्याच गावची, सातपुड्यातली, मंडळात पहिल्यापासूनची. पालनी काय ते तिला सांगायला नको. ज्याचा होळीचा नवस, त्याने महिनाभर खाटेवर झोपायचं नाही, बायकोला शिवायचं नाही, स्वतःच्या हाताने रांधून एकदाच जेवायचं. त्यांच्या गावात तर बाजारातली वस्तू तोंडात घालायची नाही, साखरेचा दाणासुद्धा नाही. मग बाजारच्या कारखान्यातली गोळी कशी चालेल?

"गेल्या होळीलाही बंद केल्या होत्यास?" तिने विचारलं.

आमशाने मान हलवली.

घ्या! गेल्या होळीनंतर त्याच्या रक्तात विषाणू वाढलेला निघाला, उन्हाळाभर माणूस तापाने फणफणला, जातो की राहतो अशी गत झाली. तेव्हा हेमकांतने त्याच्या गुजरातच्या ऊसतोडीला, मुकादमाला, तिथल्या पाण्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या होत्या. 'गोळी चुकवू नका' हे मंडळाने शंभरदा सांगितलं असेल, पण पालनीत काय करता, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. रमिलाबाईलाही नाही. आता पुन्हा महिनाभर गोळ्या थांबल्या, तर या खेपेला तो उठेल याची खात्री कोण देणार?

"काकी, माझी गायत्री आईच्या पोटातून रोग न घेता आली," आमशा म्हणाला. "तपासणीत निघालं तेव्हा पाच होळ्या बोललो मी, ही दुसरी. देवाने पोरगी दिली, आता त्यालाच फसवू?"

हेमकांतचा आवाज एकदम खाली आला. "ताई, देवसंगे कसं भांडानं?"

"भांडायचं कशाला? विचारू," रमिलाबाई म्हणाली. "पुजाऱ्याला विचारू."

आमशाने उठून दार लोटून घेतलं. "गावात कळलं तर माझ्या पोरीला कोणी अंगणात उभं करणार नाही."

"तुझं नाव माझ्या तोंडून निघालं तर जीभ झडो माझी."

ती जीपने गावी परतली. जाताजाता बाटली गुपचूप आमशाच्या बायकोच्या, रुपाच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच नवलसिंग पुजाऱ्याचं अंगण गाठलं. पालनीवाले तिथेच जमलेले. कोणी घुंगरं ओवत होता, कोणी होळीच्या नाचात कमरेला बांधायचे वाळके दुधी पुसत होता. आमशाही होता. तिला बघून त्याने अंग चोरलं. म्हातारा नवलसिंग भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता.

रमिलाबाई त्याच्यापुढे जाऊन बसली. विचारावं तर आमशा उघडा पडायची भीती, न विचारावं तर तो मरायची. शेवटी तिने पदर खोचला.

"बाबा, गावात रोजच्या गोळ्या घेणारे खूप झालेत. कोणाला टीबी, कोणाला बीपी, कोणाला आणखी काही. त्यांनी पालनीत काय करायचं?"

हातातली घुंगरं थांबली. "कोणाला आहेत गोळ्या?" कोणीतरी विचारलं. आमशाने मान गुडघ्यात घातली.

नवलसिंगने डोळे उघडले. कमरेची गाठ सोडली, चुरगळलेलं पाकीट काढलं आणि सगळ्यांसमोर धरलं.

"मला. बीपीची आहे. होळीचा दांडा रोवला त्या दिवसापासून बंद केलीय, उभं राहिलं की अंगण गरगर फिरतं. तुम्ही सगळे मला विचारता रे, मी कोणाला विचारू?"

पहिल्यांदा घुंगरं ओवणारा इंद्रसिंग हसला, मग सगळं अंगणच हसलं. म्हातारासुद्धा. हसता हसता त्याला ठसका लागला.

"पालनी आहे जिभेच्या चोचल्यांची," तो म्हणाला. "गोळीला कसली चव? देवाला दाखवायची, नदीच्या पाण्याने घ्यायची. मेलेला माणूस होळीत काय नाचणार?"

आणि पळसाचं पान मांडून त्याने स्वतःची गोळी देवापुढे ठेवली. इंद्रसिंग टीबीची घेऊन आला. कोणी फिटची आणली. आमशा उठला तो धावतच घरी रुपाकडे गेला, मूठ आवळून परत आला आणि पानावर आपलीही गोळी ठेवली. कुठली कशाची, कोणी विचारलं नाही. गोळी गिळून त्याने डोळे पुसले आणि रमिलाबाईला वाटलं, छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून नेला. महिनाभर नव्हे, पुढच्या तिन्ही होळ्यांची काळजी मिटली होती.

ती निघाली, दोन पावलं जाऊन थांबली. इतकी वर्षं ती स्वतःची गोळी गोठ्यात, जनावरांच्या आड उभी राहून घेत आली होती. घरातल्यांच्या नजरेलाही कधी पडू दिली नव्हती. तिने पिशवीतून गोळी काढली.

"बाबा, मीही ठेवू?"

"तुझी कुठे पालनी आहे?"

"पालनी नाही. गोळी आहे."

नवलसिंगने तिच्याकडे नीट पाहिलं. मग पान थोडं तिच्या बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "ठेव की मग. अरे, पाण्याचा तांब्या द्या रे हिला."