अरादच्या वाटेवरचं गाऱ्हाणं

जड वाहनाच्या लायसन्सला दत्तप्रसाद तीनदा नापास झाला. बहारीनमध्ये अकरा वर्षं लहान गाड्या हाकल्या, पण मोठा ट्रक रिव्हर्स घ्यायची वेळ आली की गडी हमखास मागच्या खांबाला धडकायचा. शेवटी हाशिमने त्याचे कान उपटले.

"मोठ्या ट्रकाचा नाद सोड. पिकअपला तुझं साधं लायसन्स चालतं. कुणाचं मशीन अडलं, पार्ट आत्ताच्या आत्ता हवा, की उचलायचा आणि पोचवायचा. एक माल, एक पत्ता, खलास!"

हाशिम रत्नागिरीचा, इथल्याच तुबली भागातल्या एका गॅरेजात कारकून. धंद्याचे कागद त्यानेच धावपळ करून रीतसर केले. त्या कागदांवर सही करताना दत्तप्रसादने आणखी पाच वर्षं इथे राहायचं कबूल केलं. बायकोला, विशाखाला, ते ठाऊक होतं. कुडाळजवळच्या घरी त्याची वाट बघत बसलेल्या वडिलांना, बाळाजींना, मात्र सांगायची छाती झाली नव्हती. येत्या गणेश चवथीला कायमचा येतो, अशी थाप त्याने मागच्या वर्षीच मारून ठेवली होती.

आता नवी गाडी म्हटली की गाऱ्हाणं आलंच. नारळ ठेवून घरातल्या मोठ्याने देवाकडे मागायचं आणि प्रत्येक मागण्यानंतर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. व्हय म्हटलं की मागणं सगळ्यांचं झालं. आणि सुरू केलेलं गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नाही.

शुक्रवारी सकाळी विशाखाने गावाहून व्हिडिओ कॉल लावला. टोपी सारखी करून बाळाजींनी हात जोडले. इकडे गॅरेजच्या आवारात पांढऱ्या सेकंडहँड पिकअपपुढे दत्तप्रसाद आणि हाशिम उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरान परमुलखात गाडी घेतल्यान, तिच्या चाकाक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हाशिमचाच आवाज मोठा. शेजारच्या जिल्ह्याचा माणूस, त्याला काय शिकवायचं!

एवढ्यात हाशिमचा मोबाईल वाजला. मुहर्रक बेटावरच्या अरादमधल्या एका कोल्ड स्टोअरचा कॉम्प्रेसर बंद पडला होता, आत मासळी खराब होत होती आणि नवा पार्ट समोरच्याच दुकानात तयार होता.

"यल्ला, चल, पहिलं गिऱ्हाईक!" हाशिम ओरडला.

"बाबानू, गाडी चालू करतंय," दत्तप्रसाद म्हणाला.

"कर. गाऱ्हाणा थांबाचा नाय."

नारळ गाडीत पायाशी ठेवला, पार्ट मागे चढवला, कॉल चालू असलेला फोन हाशिमच्या हातात दिला आणि पिकअप निघाली. बाळाजींची ग्रामदेवता आळवून झाली, वेशीवरचा देव झाला, कुणाची वाईट नजर असली तर तीही दूर करून झाली. हाशिम प्रत्येक वेळी व्हय म्हणत होता. मुहर्रकच्या पुलावर दोन्ही बाजूंना पाणी दिसायला लागलं आणि दत्तप्रसादला घर आठवलं.

"आणि बा देवा म्हाराजा, ही गाडी आसा थयच ऱ्हवांदे. येत्या चवथीक माझ्या झिलाक कायमचो घराक हाड. माझे डोळे मिटाच्या आदी हाड रे म्हाराजा!"

मुलाला कायमचा घरी आण, या मागण्यावर हाशिमचं व्हय आलं नाही. पाच वर्षांचे कागद त्यानेच तर भरले होते. त्याने दत्तप्रसादकडे पाहिलं. दत्तप्रसादने तोंड उघडलं, पण खोटं व्हय देवापुढे म्हणवेना आणि खरं बापापुढे बोलवेना.

"आरे, व्हय कोण म्हणतलो?" म्हातारा ताटकळला होता.

तेव्हा फोन धरून उभी असलेली, पाच वर्षांचं ठाऊक असलेली विशाखा हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

बाळाजी समाधानाने हसले. नारळ फोडूक इसरू नको, म्हणाले आणि कॉल बंद झाला. दत्तप्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने पुसलं नाही, कारण हात स्टिअरिंगवर होते.

कोल्ड स्टोअरचा मॅनेजर झुबेर दारातच उभा होता. पार्ट बघून त्याने दत्तप्रसादला मिठीच मारली. "टाइम पे लाया, भाई! अब हमारा सारा माल तू ही लाएगा. बीच में छोड़के गाँव तो नहीं भागेगा ना?"

पुलावर बापाच्या मागण्याला न म्हणवलेला शब्द आता झुबेरच्या मागण्याला बाहेर आला.

"व्हय म्हाराजा," दत्तप्रसाद म्हणाला.

झुबेरला काही कळलं नाही. हाशिमने मान फिरवली आणि गाडीत पायाशी ठेवलेला, अजून न फोडलेला नारळ उचलून सीटवर ठेवला.