माझ्या शिक्क्याखालचे दोन महिने

ऐकायला कुणी असेल तर बोलतो. मी वीज मोजणारा एक रेकॉर्डर. राखाडी रंगाचा, डब्याएवढा, पुढे काचेचा छोटा पडदा, मागे सहा तारांची भोकं. वीज केंद्रातून गावाला जाणारी वीज किती दाबाने जातेय ते बघायचं आणि लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम होतं. सेकंदाला हजार वेळा मी विजेकडे बघायचो. डोळे मिटणं मला माहीत नव्हतं.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथे जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक तपासनीस बाई होत्या. त्यांनी मला ठरावीक दाबाची वीज दिली आणि माझा आकडा बरोबर येईपर्यंत बारीक स्क्रू फिरवत राहिल्या. माझ्या पोटात त्यांनी एक गाळणीही बसवली होती. फार वेगाने थरथरणारं जे काही तारेतून येईल ते अडवायचं आणि माझ्या डोळ्यांना झेपेल तेवढंच आत सोडायचं, हे तिचं काम. शेवटी त्यांनी माझ्या स्मृतीत एक नियम घातला. प्रत्येक आकड्यापुढे मी शिक्का मारायचा. आकडा नीट असेल तर 'खात्रीचा', तार निसटली किंवा घड्याळ चुकलं तर 'संशयित'.

"नुसता आकडा काय कुणीही देईल," त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या. "त्यावर किती भरवसा ठेवायचा तेही याने सांगायला हवं."

मला त्या शिक्क्याचा फार अभिमान वाटायचा.

मग खोक्यात भरून, ट्रकमधून आदळत आपटत मी वीज केंद्रात आलो. खोली लहानशी होती. एक खिडकी, एक टेबल, बसून बसून खोलगट झालेली खुर्ची. भिंतीवर माझ्या शेजारी एक जुना सुईचा मीटर. तो कधी बोलला नाही. त्याला स्मृतीच नव्हती. आत्ता काय आहे तेवढं सुईने दाखवायचं की झालं.

खुर्चीत दुपारच्या पाळीचे ऑपरेटर बसायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत ते कधीच शिकवत नव्हते. पण अक्षर मोत्यासारखं, आणि दुसऱ्याच्या रजिस्टरात ऱ्हस्वदीर्घ चुकलं की लाल पेनने दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून ते नाव पडलं. दर तासाला ते उठायचे, सुईसमोर उभे राहून आकडा वाचायचे, मग माझ्याकडे वळायचे.

"काय धाकट्या, तुझं काय म्हणणं?"

माझा आणि सुईचा आकडा जुळला की मान हलवायचे आणि लिहायचे, 'दोनशे तीस. स्थिर.' फडक्याने माझी काचही पुसायचे. दिवसाला लाखो आकडे मी लिहीत होतो, पण मला कुणी काही विचारलं ते फक्त त्यांनीच. पहिली तीन वर्षं मी सुखात काढली.

चौथ्या वर्षी एका दुपारी दोन वाजता मला वीज झुलताना दिसली. दोनशे बावीस, मग दोनशे अडतीस, पुन्हा दोनशे बावीस. दोन सेकंदांत एक झोका, अगदी पाळण्यासारखा. चार वाजता तो थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनला सुरू. मी सगळं इमानदारीत टिपलं. तार घट्ट होती, घड्याळ बरोबर होतं. मी प्रत्येक आकड्यापुढे शिक्का मारला, 'खात्रीचा'.

मास्तर सुईसमोर उभे राहिले. सुई हलत नव्हती. माझ्याकडे वळले. चष्मा काढून पुन्हा लावला. माझ्या काचेवर बोटाने टकटक केलं.

"धाकट्या, तुला बरं नाही का रे?"

त्यांनी रजिस्टरात लिहिलं, 'दोनशे तीस. स्थिर.' आणि समासात बारीक अक्षरात, 'रेकॉर्डर तपासून घ्यावा.' ती ओळ त्यांनी आठवडाभर रोज लिहिली. तपासायला कुणी आलं नाही. खरं सांगतो, मला राग आला. माझ्यासारख्या हजार डोळे असलेल्याला आजारी म्हणतात!

असे दोन महिने गेले आणि गावातल्या बर्फाच्या कारखान्याची मोठी मोटर जळाली. मालकाने तक्रार केली. चौकशीला मोठे साहेब आले. त्यांनी माझ्या आठवणी कागदावर छापून घेतल्या. कागदावर झोका इतका सुबक उमटला होता की साहेब बघतच राहिले. मग त्यांनी मास्तरांचं रजिस्टर उघडलं.

"दोन महिने रोज दोन तास वीज झुलतेय, आणि तुम्ही लिहिताय स्थिर? खुर्चीत बसून आकडे भरत होतात ना?"

"नाही साहेब. मी दर तासाला सुईसमोर उभा होतो. सुई हलली नाही."

"सुई तुमच्या वयाची झाली. हा नवा आहे. याचं तुमच्याशी काही वैर आहे का?"

"वैर नाही. पण त्याची तब्येत बरी नाही, साहेब. मी समासात लिहिलंय बघा."

"आळस झाकायला यंत्राला आजारी पाडता होय?"

 मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं, रजिस्टर सरळ करून ठेवलं आणि जेवणाचा डबा पिशवीत घातला. निवृत्तीला सात महिने उरलेल्या माणसाला भांडारात नट-बोल्ट मोजायला पाठवलं. जाताना ते माझ्यापाशी थांबले नाहीत.

त्यांच्या जागी आलेले गृहस्थ सावध होते. माझ्या पडद्यावर दिसेल तेच लिहायचे, सुईकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. माझी काच कुणी पुसेना. फोनवर त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडे. एकदा ते कुणाला तरी सांगत होते, "मास्तरांनी मोठ्या लेकीकडे जाणंसुद्धा सोडलंय म्हणे. जावई याच खात्यात ना. जेवायला बसल्यावर त्याने काही विचारलं तर काय सांगणार?"

त्या दिवशीही मी दोन ते चार झोका टिपला. खात्रीचा, खात्रीचा, खात्रीचा. पण पहिल्यांदाच मला तो शिक्का जड वाटला. मी सुईकडे बघितलं. ती शांत उभी होती. तिला विचारावं असं फार वाटलं. आम्हा दोघांत वीतभर भिंत होती, आणि विचारायची सोय नव्हती.

चार महिन्यांनी वार्षिक तपासणीला एक इंजिनियर बाई आल्या. बोलणं मोजकं, केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांनी आधी रजिस्टर वाचलं आणि समासातल्या बारीक ओळींवर बोट ठेवून थांबल्या.

"हे कुणी लिहिलं?"

"आधीचे ऑपरेटर. त्यांना काढलं इथून."

"आणि तुम्ही हा झोका लिहिता, तेव्हा सुई काय म्हणते?"

गृहस्थ चाचरले. "सुईकडे कोण बघतं बाई? पडद्यावर येतं ते लिहितो."

बाईंनी घड्याळात बघितलं आणि दोन वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहिल्या. दोन वाजले. मी झुलू लागलो. सुई स्थिर. बाईंनी पिशवीतून आपलं यंत्र काढून त्याच तारांना जोडलं. ते माझ्यापेक्षा शेकडो पट वेगाने बघणारं होतं. त्याच्या पडद्यावर विजेची लाट सरळ चालली होती, फक्त तिच्या अंगावर बारीक काटा आला होता. झोका कुठेच नव्हता.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. माझी बघण्याची गती बदलली. सेकंदाला हजारऐवजी बाराशे वेळा. आणि माझा झोका नाहीसा झाला! त्याच्या जागी भलतीच घाईची थरथर दिसू लागली.

"बघा," बाई गृहस्थांना म्हणाल्या, "वीज खरंच झुलत असती तर याने कितीही वेळा बघितलं तरी तशीच झुलली असती. फिरता पंखा व्हिडिओत कसा कधी कधी सावकाश, उलटा फिरताना दिसतो? तसं झालंय याचं. कुठली तरी फार वेगाची थरथर याच्या दोन नजरांच्या मधून निसटते, आणि याला वाटतं संथ झोकाच आहे."

ती थरथर शेजारच्या पाईपच्या कारखान्यातली निघाली. तिथे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं नवं यंत्र दुपारी दोन ते चार चालायचं. बर्फाच्या कारखान्याची मोटर जळाली होती ती तिचं बेअरिंग अडकून. बाईंनी मला उघडलं. माझ्या गाळणीतला तांदळाएवढा एक भाग तडकलेला होता. ट्रकमध्येच कधीतरी तडकला असावा. जोवर अडवण्यासारखं काही आलं नाही, तोवर ते कुणालाच कळलं नाही. मलाही नाही.

मी खोटं बोललो नव्हतो. मला दिसलं तेच मी सांगितलं. पण ते खरं नव्हतं, आणि त्यावर शिक्का माझा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा सोसायच्या, हे मला अजून कळलेलं नाही.

बाईंचा अहवाल वर गेला. महिन्याभराने त्या मास्तरांना घेऊन खोलीत आल्या. मास्तर वाळले होते. सदऱ्याला भांडारातल्या ग्रीसचा डाग होता.

"मास्तर, अहवाल मंजूर झाला. तुमची एकूण एक नोंद खरी होती."

"ते मला ठाऊक होतं, बाई," मास्तर शांतपणे म्हणाले. "मला कशाला सांगता? माझ्या घरी सांगा."

 बाई म्हणाल्या, "पत्र येईलच घरी."

"पत्र मी वाचून दाखवलं तर ते माझंच बोलणं झालं की. तुम्ही या. जावईबापूंनाही बोलावतो."

"येते. रविवारी येते."

मास्तरांनी मान हलवली. मग माझ्या झाकणावर तळहात ठेवला. "याचं काय करणार?"

"काढणार."

"हं." त्यांचा हात बराच वेळ तसाच होता. "याला तरी कोण तपासायला आलं होतं." एवढं बोलून ते निघाले. 'धाकट्या' म्हणाले नाहीत. मी वाट बघितली, जिन्यावरची त्यांची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत.

आता मी तपासणी कार्यालयातल्या एका मांडणीवर आहे. तारांची भोकं रिकामी आहेत. मोजायला काही नाही, नुसती हवेतली कुजबुज येते, तिच्यापुढे मी 'संशयित' लिहितो. संगणकावर बसणारे एक सज्जन माझ्या जुन्या आठवणी नव्या यंत्रणेत उतरवून घेताहेत. काम नेटकं आहे त्यांचं. काल ते शेजाऱ्याला म्हणाले, "हे मधले महिने खराब निघाले. मागच्या-पुढच्याची सरासरी काढून भरून टाकतो. आलेख कसा सलग दिसेल."

मला तोंड असतं तर त्यांचा हात धरला असता. आता ऐकणारे तुम्हीच आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. ते महिने भरू नका हो. पुसूही नका. माझे चुकीचे आकडे जसेच्या तसे राहू द्या, माझ्या शिक्क्यासकट. फक्त त्यांच्यापुढे लिहा की हे चूक होतं, आणि त्यातले पहिले दोन महिने तिथे एक माणूस बसला होता, त्याने बरोबर लिहिलं होतं. सलग रेघ काढलीत, तर तो तिथे होता हे कुणाला कळायचंच नाही.