मंगळवारी मोजलेलं मैदान

मी पेटी बोलतेय. वाजवायची नव्हे हो, हरकती-सूचनांची! जुन्नर तालुक्यातल्या एका वाढत्या गावच्या कचेरीत माझा मुक्काम. स्टँडजवळच्या फॅब्रिकेशनवाल्यानं गेट करून उरलेल्या पत्र्यातून मला बनवलं. पत्रा उरलेला असला तरी कुलूप नवं कोरं आहे, आणि त्याचा मला तोरा आहे.

गावाच्या विकास आराखड्याचा नकाशा व्हरांड्यात टांगला आणि खाली मला बसवलं. हरकती द्यायला तीस दिवस. पंधरा दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. भगवंत क्लार्क माझ्यावर जेवणाचा डबा ठेवायचा. भीमाशंकरला निघालेल्या एका पाहुण्यानं तर दानपेटी समजून हात जोडले. माणसं वाचतात नंतर, हात आधी जोडतात.

सोळाव्या दिवशी ठकूबाई आल्या. तीस वर्षं रविवारच्या बाजारात भाजी विकून त्यांनी घर चालवलेलं.

"भाऊ, ह्यात आमचा बाजार कुठंय?"

भगवंतनं नकाशावर बोट ठेवलं. "हे मैदान. मोकळी जागा लिहिलीय. इथं गाड्यांचं पार्किंग होणार."

"मोकळी? मोजायला कंच्या वारी आल्ते?"

त्यानं फाइल चाळली. "मंगळवारी."

"आन् बाजार रईवारी! मंगळवारी तिथं कुत्रं तरी दिसंल का, राव?"

भगवंत ओशाळला. "मावशी, लेखी हरकत द्या."

"मला लिवता येत न्हाई. बाकीचे गावात येत्यात रईवारी, तवा तुमची कचेरी बंद. तुमीच पेटी बाजारात आणा की!"

बाईचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. भगवंतनं कचेरीच्या साहेबांच्या कानावर घातलं, त्यांनाही पटलं, आणि रविवारी मी भगवंतच्या मोटरसायकलवर निघाले.

काय तो बाजार! मेथीच्या जुड्या, सुके बोंबील, डोंगरातल्या बायकांची नाचणी. प्रत्येकीची जागा एका धोंड्यानं ठरलेली, सासूकडून सुनेकडे आलेली. कागद मात्र एकीजवळही नव्हता. बांगड्यावाली रत्ना गिऱ्हाईक सोडून हरकती लिहीत बसली. खाली अंगठे उठत होते. संध्याकाळी माझ्यात आणखी एक चिठ्ठीसुद्धा मावेना. मला लई भारी वाटलं, खोटं कशाला बोलू!

सुनावणीत साहेबांनी एकेक कागद वाचला. पुढच्या रविवारी ते स्वतः मैदानात आले आणि गर्दीत अर्धा तास अडकले. मग मात्र नकाशा बदलला.

आता मी कपाटावर असते. रिकामी आहे, पण ताठ आहे. पुढच्या वेळी मला खाली काढाल तेव्हा व्हरांड्यात बसवून ठेवू नका. जिथं माणसं जमतात तिथं न्या, मग बघा मी कशी भरते ते.

नवा नकाशा लागला त्या दिवशी ठकूबाई बघायला आल्या. भगवंतनं बोट ठेवून वाचलं, "आठवडे बाजार."

"आन् माझं नाव?"

"नकाशात नाव नसतं, मावशी. नुसता बाजार लिहितात."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या अक्षरांवरून हात फिरवला.

"मग झालं की. बाजार म्हंजी मीच."