वरचा थर

"मॅडम, उन्हानं फाटला म्हणून राह्यले साहेब. मंग शेजारच्या तळ्याचा कागद का न्हाई फाटला?"

साळूबाई सकाळपासून प्रयोगशाळेच्या दारात बसली होती. शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाचा तडकलेला तुकडा घेऊन ती टेंभुर्णीहून आली होती. पाणी झिरपून तळं आटलं होतं आणि डाळिंबं वाळायला लागली होती.

"तपासू द्या, मावशी," सुमेधा म्हणाली.

असा कागद बनवणाऱ्या जालन्याच्या त्या कारखान्यात प्लास्टिक तपासण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. तिनं तुकडा यंत्रावर दाबला. अवरक्त किरण वरच्या पापुद्र्याला चाटून परत आले, की पृष्ठभागावर काय आहे ते आलेखातल्या उंचवट्यांवरून कळतं. जिथं उंचवटा असायला नको, तिथंच तो उभा होता. वरचा थर हवेनं खराब झाला होता. मशिन जास्त तापलं की असं होतं, तसंच उन्हानंही. म्हणून तिनं गोदामात राखून ठेवलेला, त्याच रोलचा, कधी ऊन न पाहिलेला तुकडा आणवला.

त्यावरही तोच उंचवटा! म्हणजे कागद मशिनमधून निघतानाच करपला होता.

रोलवरचा तारखेचा आणि पाळीचा शिक्का तिनं दोनदा वाचला. ती पाळी संपतची होती, तिच्या नवऱ्याची. त्या आठवड्यात सासूबाई दवाखान्यात होत्या. तो दिवसा त्यांच्या उशाशी असायचा आणि रात्री मशिनवर.

मॅनेजर हरिओमसाहेबांनीही शिक्का पाहिला होता. "ताई, ऊन लागलं, एवढंच लिहा. कंपनी सुटली, संपतबी सुटला."

तिनं संपतला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "कागद तुमच्या पाळीतला हाय."

त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. "डोळा लागल्ता. जाग आली तवा मशिन लई तापल्तं."

"मला बोलला न्हाईत."

"तूच थकून यायचीस. काय बोलू?"

"आता काय लिहू?"

त्यानं प्रयोगशाळेच्या दाराकडे पाहिलं. साळूबाई तिथंच बसली होती. "निघालं ते लिही. ती बाई काय खोटं बोलून राह्यली व्हय?"

सुमेधानं तेच लिहिलं. सही करताना तिला ना रडू आलं, ना बरं वाटलं. नुसती झोप हवीशी वाटली.

साळूबाईला नवा कागद मिळाला. तोवर अर्धी बाग गेली होती. संपतला मशिनवरून काढून ट्रक भरायच्या कामाला लावलं.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशिनवाल्यांच्या बाकावर त्याच्यासाठी कुणी सरकलं नाही. तो भिंतीच्या सावलीत, हमालांच्या ओळीत जाऊन बसला. सुमेधा आपला डबा घेऊन बाहेर आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर टेकली. ओझी उचलून त्याची बोटं आखडली होती, भाकर मोडेना. तिनं त्याचा डबा आपल्याकडे ओढला, भाकर मोडून कालवणात कुस्करली आणि डबा पुन्हा त्याच्यापुढं सरकवला.

"तू बी जेव," तो म्हणाला.